घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

गेल्या वर्षीं ज्येष्ठांतील एका रात्रीं पिंपळनेरास मोठें वादळ झालें. पांझरेच्या कांठचीं झाडें मोडून पडलीं, तारा तुटल्या. वीज तासाभरांत परत आली. परंतु इंटरनेटची तार जी तुटली ती दोन दिवस जोडली गेली नाहीं. त्यामुळें आपलें कांहीं अडेल असें त्या रात्रीं घरांत कोणासहि वाटलें नाहीं, आणि आम्ही सर्व निजलों.

पहांटे तीनच्या सुमारास माझी आई उठली. तिचें वय ८४ वर्षांचें. माजघरांतून मोरीकडे जाणारी आमची पडवी जुन्या वाड्यांतून असते तशी लांब आणि अंधारी आहे. तेथील दिवा माझ्या पुतण्यानें दिवाळीच्या सुटींत मोठ्या हौसेनें बसविला होता. तो भिंतीवरील बटणानें लावावयाचा नसून मोबाईलवरून, अथवा कोनाड्यांत ठेवलेल्या एका बोलक्या डब्यास आज्ञा करून लावावयाचा होता. भिंतीवरील बटण कोणी सवयीनें बंद केलें तर दिव्याचा वीजपुरवठाच तुटतो, व मग त्यास कोणाचीच आज्ञा ऐकूं येत नाहीं. म्हणून पुतण्यानें त्या बटणावर चिकटपट्टी लावून वर सुवाच्य अक्षरांत कागद डकविला होता : ‘हात लावूं नये.’ आईनें डब्यास आपल्या हिंदींत दोन वेळां सांगून पाहिलें. डब्यानें दिलगिरी प्रदर्शित केली. दिवा लागला नाहीं. भिंत चांचपत ती पुढें गेली आणि उंबऱ्यास ठेंचकाळून पडली.

हाड वांचलें, मनगट मात्र तीन आठवडे सुजलेलें होतें. “अग, पट्टी ओढून बटण खालींवर कां नाहीं केलेंस? दिवा लागला असता,” असें मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “कागद लावला होता ना!” आणि थोड्या वेळानें, कोणाकडेहि न पाहतां, “माझ्याच घरांत दिवा लावायला परगांवची परवानगी लागते, हें मला ठाऊक नव्हतें.”

हें वाक्य पुण्यास पुतण्याच्या कानीं गेलें आणि तो दुसऱ्याच दिवशीं रात्रीच्या गाडीनें निघून आला. मुलगा शहाणा आहे, आजीवर त्याचा जीव आहे, आणि त्यानें जें केलें तें तिच्याच सोयीसाठीं केलें होतें. म्हणूनच ही हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. आज घरोघर हीच स्थिति आहे. कर्तीं मुलें पुण्यास, नाशिकास, कोणी साता समुद्रांपलीकडे. मागें मोठें घर आणि थकलेलीं माणसें. दूर राहून काळजी वाहण्याचें साधन म्हणून मुलें हीं यंत्रें पाठवितात, सुटींत येऊन बसवितात आणि निघून जातात. मग यंत्रें व म्हातारीं माणसें एकमेकांकडे पाहत राहतात.

‘स्मार्ट होम’, म्हणजे ज्याला आम्ही घरांत ‘शहाणें घर’ म्हणतों, त्याचें मर्म फार गहन नाहीं. त्यास तीन अवयव लागतात : जाणणारें इंद्रिय, ठरविणारें डोकें आणि काम करणारा हात. टाकी भरतांच तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो, तेथें हे तिन्ही अवयव एकाच ठिकाणीं आहेत. आणि तो गोळा आमच्या वडिलांच्या वेळेपासून निमूटपणें चाकरी करीत आहे. घरांतील दिवे दुरून चालवावे ही कल्पनाहि आजची नव्हे. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील एका कंपनीनें घरांतील विजेच्या तारांवरूनच निरोप पाठवून दिवे लावण्याविझविण्याची ‘एक्स-टेन’ नांवाची रीत काढली, आणि ती अमेरिकेंतील हौशी लोकांनीं अनेक वर्षें वापरली. बदल झाला तो पुढें. मोबाईल व इंटरनेट आल्यावर यंत्र करणाऱ्या कंपन्यांनीं जाणणारें इंद्रिय आणि काम करणारा हात आमच्या घरीं ठेवला, आणि डोकें मात्र आपल्या घरीं नेलें. आमच्या पडवींत बोललेला शब्द आधीं कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरकडे जावयाचा, तेथें त्याचा अर्थ लागावयाचा, आणि मग तीन हातांवरील दिव्यास परत हुकूम यावयाचा. वाटेंत तार तुटली कीं घर शहाणें राहत नाहीं, तें बधिर होतें.

बरें, तार शाबूत असली तरी दूरचा मालक शाबूत असला पाहिजे. ‘रिव्हॉल्व्ह’ नांवाचें असेंच एक घर चालविणारें यंत्र अमेरिकेंत सुमारें ३०० डॉलरांस विकलें जात असे. ती कंपनी २०१४ सालीं दुसऱ्या मोठ्या कंपनीनें विकत घेतली, आणि १५ मे २०१६ रोजीं तिचा सर्व्हर बंद करून टाकला. ज्यांनीं पैसे मोजून तें यंत्र घेतलें होतें त्यांच्या हातीं एक निर्जीव डबा उरला. ‘इन्स्टीऑन’ची कथा ह्याहून चमत्कारिक आहे. २०२२ च्या एप्रिलमध्यें ह्या कंपनीचे सर्व्हर कांहीं सूचना न देतां एकाएकीं थांबले. परंतु त्याच वर्षींच्या जूनमध्यें ती वापरणाऱ्या कांहीं हौशी गिऱ्हाइकांनींच पुढें होऊन ती विकत घेतली आणि सेवा पुन्हां सुरू केली. शेटजीनें दुकान बंद केलें तर गिऱ्हाइकांनींच तें चालवावें, असा हा प्रकार झाला.

ही गोष्ट पुतण्यानें मला सांगितली तेव्हां त्याच्या मनांत काय चाललें आहे तें माझ्या ध्यानांत आलें. डोकें घरांत आणावयाचें, असें त्यानें ठरविलें होतें.

त्यासाठीं त्याला मार्ग दाखविला तो कोणत्याहि दुकानदारानें नव्हे, तर ज्यांचीं तोंडें त्यानें आजवर पाहिलेलीं नाहींत अशा माणसांनीं. भवभूतीनें आपल्या समानधर्म्याची वाट पाहण्यासाठीं काळ निरवधि आहे असें म्हणून मनाचें समाधान करून घेतलें. आमच्या पुतण्याला तो रात्रीं साडेअकरा वाजतां इंटरनेटवर भेटला. एक कोंकणांतील निवृत्त तारयंत्रज्ञ, एक नागपूरकडील विद्यार्थी, एक कॅनडांत राहणाऱ्या मराठी बाई, आणि ज्यांची भाषाहि धड समजत नाहीं असे दोघेतिघे परदेशस्थ. ह्या मंडळींचा नाद एकच : आपल्या घरचें डोकें आपल्याच घरांत कसें ठेवावें. मला प्रथम हा रिकामटेकडेपणा वाटला. पुढें पाहिलें तेव्हां माझें मत बदललें. एका रात्रीं पुतण्यानें पडवीच्या दिव्याची तक्रार लिहिली. उत्तर देणाऱ्यांपैकीं तिघांनीं यंत्राविषयीं विचारलें, पण कॅनडांतील बाईंनीं विचारलें, “आजी पडल्या, त्यांचा हात आतां कसा आहे?” आणि मग लिहिलें कीं, भिंतीवरचें बटण जेथें आहे तेथेंच राहूं द्या, शहाणपण बटणाच्या मागें बसवा, पुढें नको.

ह्या हौशी लोकांच्या खटपटीचा इतिहास मनोरंजक आहे. पॉलस स्काउट्सन नांवाच्या एका डच तरुणानें सूर्य मावळतांच घरचे दिवे आपोआप लागावेत एवढ्यासाठीं संगणकाची एक छोटी आज्ञावली लिहिली. तिच्यांतूनच २०१३ सालीं ‘होम असिस्टंट’ नांवाची व्यवस्था जन्मास आली. तिची लेखनसामग्री सर्वांस खुली असल्यामुळें जगांतील हजारों लोक तींत भर घालीत गेले. आणि २०२४ सालीं ती कोणा एकाच्या मालकीची राहूं नये म्हणून एका स्वतंत्र संस्थेच्या हवालीं करण्यांत आली. ती चालवावयास २०१२ सालीं इंग्लंडांत निघालेला ‘रास्पबेरी पाय’ नांवाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक पुरतो. बटणामागें बसविण्याच्या चिमुकल्या वाय-फाय चकतीची गोष्ट तर आणखीच गमतीची. शांघायच्या एका कंपनीची ही चकती २०१४ च्या सुमारास अत्यंत स्वस्तांत बाजारांत आली. पण तिची माहिती चिनी भाषेंत. तेव्हां ठिकठिकाणच्या हौशी लोकांनीं ती आपसांत उतरवून घेतली, एकमेकांस शिकविली, आणि शेंदोनशें रुपयांची ती वस्तु आमच्यासारख्यांच्या आवांक्यांत आली. घरांतील यंत्रें ज्या रीतीनें एकमेकांस निरोप देतात ती रीत मात्र १९९९ सालची. ती तेलाच्या लांबलचक नळांवर उपग्रहाच्या साहाय्यानें नजर ठेवण्यासाठीं दोन यंत्रज्ञांनीं योजिली होती. वाळवंटांतील तेलासाठीं निघालेली युक्ति पिंपळनेरच्या मोरीच्या दिव्यास उपयोगी पडावी, ह्याचें मला अजूनहि नवल वाटतें.

माझ्या धाकट्या बंधूंस मात्र कशाचेंच नवल वाटेना. ते शेती पाहतात. पुतण्या आपल्या बापास हें सर्व समजावून सांगत असतां ते सुपारी कातरीत बसले होते. शेवटीं म्हणाले, “हें आम्हीं मळ्यांत कधींच केलें. तूं घरांत आतां करतोस.”

त्यांचें म्हणणें खरें होतें. महाराष्ट्रांत शहाणपण प्रथम घरांत आलें नाहीं, विहिरीवर आलें. शेताची वीज बहुधा रात्रींची. मोटर सुरू करावयास काळोखांतून, चिखलांतून, सापकिरडूं तुडवीत विहिरीवर जावें लागे. आमचे वडील सत्तरीपर्यंत कंदील घेऊन गेले. पुण्याचे एक अभियंते श्री. संतोष ओस्तवाल ह्यांनीं आपल्या आजोबांचे असेच हाल पाहून मोबाईलवरून पंप चालूबंद करण्याचें ‘नॅनो गणेश’ हें यंत्र तयार केलें. २००९ सालीं त्यास नोकिया कंपनीचें आंतरराष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. घरीं बसून मोबाईल फिरवावयाचा, तिकडे वीज आहे कीं नाहीं तें समजावयाचें आणि मोटर सुरू व्हावयाची. ‘स्मार्ट होम’ हा शब्द ज्यांनीं ऐकला नाहीं अशा किती तरी शेतकऱ्यांस आज मोबाईलचा स्टार्टर ठाऊक आहे. आणि विजेचें म्हणाल तर आमचा साक्री तालुका तिच्याच उद्योगांत आहे : ब्राह्मणवेलच्या बाजूस पवनचक्क्यांचें रान उभें आहे आणि शिवाजीनगर येथें २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालूं आहे.

“पण एक सांग,” बंधूंनीं पुतण्यास विचारलें, “हें तुझें यंत्र बारेकरी आहे कीं सावकार?”

हा प्रश्न खानदेशाबाहेरच्या वाचकांस उमगावयाचा नाहीं, म्हणून थोडा खुलासा करतों. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर आमच्याकडे शेंकडों वर्षें फडपद्धति चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यांतून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडांत सर्वांनीं एकच जातीचें पीक घ्यावयाचें, दर वर्षीं फडाफडांतून पिकांची फेरपालट करावयाची, आणि पाण्याची व्यवस्था सर्वांनीं मिळून नेमलेल्या माणसांकडे सोंपवावयाची. पाटकरी पाट सांभाळतो, जागल्या राखण करतो, बारेकरी एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पाळीनें शेतें भिजवीत जातो. शेताचा धनी तेथें जाऊन चारी फोडूं शकत नाहीं; तो कितीहि मोठा असला तरी त्याची पाळी आल्याखेरीज त्यास पाणी नाहीं. बारेकरी सर्वांचा नोकर, एकट्याचा कोणाचाच नव्हे. हल्लीं ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं मोडली आहे. परंतु बंधूंनीं ती पाहिली आहे, आणि त्यांच्या बोलण्याचा रोंख स्पष्ट होता. घर चालविणारें यंत्र घरांतील सर्वांचें चाकर होणार, कीं ज्याच्या मोबाईलांत त्याची किल्ली आहे त्याच्या हातांतील चाबूक होणार?

पुतण्या म्हणाला, “बारेकरीच, बाबा.” तेव्हां त्याला खरेंच तसें वाटत होतें.

काम सुरू झालें. जुन्या वाड्यांतील तारांचें काम हा पोरखेळ नाहीं. आमच्याकडे लांकडी पट्ट्यांतून नेलेल्या तारा होत्या, कित्येक बटणांच्या पेटींत न्यूट्रलची तार नव्हती आणि अर्थिंगचा तर पत्ताच नव्हता. समानधर्मी मंडळी कितीहि प्रेमळ असली तरी २३० व्होल्टचा झटका ती आपणासाठीं खाऊं शकत नाहींत. तेव्हां तो भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतला, आणि माझा सल्ला विचाराल तर एकंदर खर्चांतील मोठा वांटा ह्याच कामी घालावा. प्रत्येक जुनें बटण जागच्या जागीं राहिलें. बटण दाबलें कीं दिवा लागतो. यंत्र चालूं असो, बंद असो, इंटरनेट असो वा नसो. यंत्राचा अधिकार बटणाच्या बरोबरीचा, त्याहून वरचा नाहीं.

पहिलें काम पाण्याच्या टाकीचें घेतलें, आणि तें सर्वांत उपयोगाचें ठरलें. नळास पाणी येतें त्या वेळीं हौद भरतो. हौदांतून गच्चीवरील टाकींत चढविणारी मोटर अर्ध्या अश्वशक्तीची आहे. ती सुरू करून विसरावयाचें आणि टाकी वाहूं लागली कीं शेजाऱ्यांनीं हांक मारावयाची, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. उलट हौद कोरडा असतां मोटर चालूं राहून दोन वेळां जळालीहि होती. आतां टाकीच्या झांकणाखालीं बसविलेला सेन्सर ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची पातळी मोजतो, हौदांत दुसरा आहे, आणि मोटर आपली आपण सुरू व बंद होते. शेजाऱ्यांशीं बोलण्याचें एक निमित्त मात्र गेलें.

विजेची बचत होते काय, हा प्रश्न आमच्या सौ.नें विचारला, आणि तो योग्य होता. तिच्यासाठीं मीं कागदपेन्सिल घेऊन हिशेब केला. शहाणे दिवे विझलेले असतांहि कान उघडे ठेवून बसतात व प्रत्येकी सुमारें अर्धा वॅट खातात. असे दहा दिवे महिन्याकांठीं साडेतीन युनिटें नुसतें ऐकण्यांत घालवितात. ह्याउलट जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा लावला तर रोज बारा तासांच्या वापरांत महिन्यास सोळा युनिटें वांचतात, आणि त्या पंख्यास कसलेंहि शहाणपण लागत नाहीं. तेव्हां निव्वळ काटकसरीच्या हेतूनें कोणी ह्या वाटेस जाऊं नये. आम्हीं आधीं चार पंखे बदलले.

येथपर्यंत सारें सुरळीत चाललें होतें. नवरात्रानंतर पुतण्यानें मागच्या व पुढच्या दारांस लहान सेन्सर बसविले. दार उघडें राहिलें तर माकडें शिरतात, एवढाच त्यांत उद्देश होता. आणि एके दिवशीं सायंकाळीं पुण्याहून त्याचा आपल्या आईस फोन आला. “आई, आज दुपारीं दोन वाजतां मागचें दार वीस मिनिटें उघडें होतें. कां बरें?”

माझी धाकटी भावजय मुळांत अबोल. तिनें फोनवर “असेल” एवढेंच म्हटलें आणि फोन ठेवला. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती सौ.जवळ बोलली तें मला पुढें कळलें : “मागच्या आळींत मैत्रिणीकडे विरजण आणायला गेलें होतें. तीस वर्षांत सासूबाईंनीं विचारलें नाहीं, ते आतां पोटचा मुलगा पुण्याहून विचारतो.”

पुतण्याच्या मनांत कांहीं नव्हतें हें मला ठाऊक आहे. त्याला माकडांची चिंता होती. परंतु मोबाईलवर जी नोंद दिसते तींत माकड आणि आई ह्यांत फरक नसतो. ‘मागचें दार : उघडें, २.०४, बंद, २.२४’ एवढेंच असतें. एकत्र कुटुंबांत माणसें सुखानें नांदतात तीं एकमेकांचें सर्व कांहीं जाणून नव्हे, तर बरेंचसें न पाहिल्यासारखें करून. सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आपण पुष्कळ नांवाजला व पुष्कळ निंदिला. पण त्या जुडग्याला डोळे नव्हते, आणि तो ज्या घरावर सत्ता गाजवी त्याच घरांत वावरत असे. हा नवा जुडगा दूर परगांवाहून पाहतो, आणि पाहिलेलें लिहून ठेवतो.

नेमक्या त्याच आठवड्यांत माझ्या मुलीनें परदेशांतून सुचविलें कीं, आजी पुन्हां पडल्यास कळावें म्हणून माजघरांत एक कॅमेरा असावा. तिची कळकळहि खोटी नव्हती. सौ. मात्र ताडकन् म्हणाली, “माजघरांत कॅमेरा आला तर आम्ही केस विंचरायला बसायचें कुठें?” मग मीं ठरविलें कीं, दिवाळींत सर्व एकत्र जमतील तेव्हां ह्या गोष्टीचा निकाल एकदां लावावा.

ती बैठक पाडव्याच्या दुपारीं झाली. कायद्याची बाजू मीं पाहून ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत खासगी जीवन हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. २०२३ सालीं व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदाहि झाला. परंतु त्या कायद्यानें मनुष्य स्वतःच्या घरगुती कामासाठीं जी माहिती वापरतो ती वगळली आहे. म्हणजे कंपनीपासून कायदा रक्षण करील. मुलापासून, पुतण्यापासून अथवा नवऱ्यापासून करावयाचें तें आपलें आपणच केलें पाहिजे. पुतण्यानेंहि आपल्याकडून एक गोष्ट सांगितली : २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या एका दुष्ट आज्ञावलीनें जगांतील लाखों कॅमेरे वगैरे यंत्रें आपल्या कह्यांत घेतलीं, आणि तीं कशानें, तर कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द मालकांनीं कधीं बदललाच नव्हता म्हणून. घरांत लावलेला डोळा आपलाच राहील ह्याचीहि खात्री नाहीं.

आई इतका वेळ वाती वळीत होती. तिला विचारलें, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, “मला कुणी पाहूं नका. मला हांक मारतां आली म्हणजे पुरे.”

पुढचें सर्व तिच्या ह्या बोलण्यावरून ठरत गेलें. उंबऱ्याच्या आंत कॅमेरा नाहीं. पुढील दाराबाहेर एक आहे, आणि त्याचें चित्र घरांतील यंत्रावरच राहतें. दारांची नोंद यंत्र आपण होऊन दहा दिवस जपून ठेवतें. ती एका दिवसावर आणली, आणि ती पाहण्याचा अधिकार पिंपळनेरास राहणाऱ्या माणसांसच. पुण्याहून वा परदेशांतून कोणास पाहावयाचें असेल तर त्यानें फोन करून विचारावें. मागच्या दाराचा सेन्सर रात्रीं दहानंतरच बोलतो, आणि तोहि घरांतल्या घरांत. ह्याबद्दल पुतण्या थोडा हिरमुसला, कारण पुण्यांत बसून घराचा नकाशा दिव्यांसकट पाहण्यांत त्याला एक आनंद होता. मलाहि त्याचें वाईट वाटलें. पण भावजयीनें त्याच दुपारीं त्याला आणखी एक काम दिलें. “मला शिकव,” ती म्हणाली. “तूं नसतांना हें बिघडलें तर मी काय करूं?”

तिनें चार दिवसांत सर्व समजून घेतलें. कोणता फ्यूज कशाचा, यंत्र अडकलें तर त्याची तार किती वेळ काढून पुन्हां लावावी, टाकी हातानें कशी भरावी, हें तिनें स्वतःच्या अक्षरांत वहींत लिहिलें. ती वही फडताळांत गोडेतेलाच्या बरणीशेजारीं असते. व्यवस्थेचा मुख्य परवलीचा शब्द आतां तिच्याजवळ आहे. पुतण्यानें त्या वहीचीं पानें आपल्या समानधर्मी मंडळींकडे धाडलीं, तेव्हां नागपूरकडील विद्यार्थ्यानें तीं आपल्या आजोबांसाठीं उतरवून घेतलीं, आणि कॅनडांतील बाईंनीं भावजयीस थेट एक शंका विचारली. आतां त्या दोघींचा पत्रव्यवहार चालतो, आणि त्यांत यंत्राचा भाग निम्मासुद्धां नसतो.

आईची मागणी सर्वांत स्वस्तांत भागली. तिच्या उशाशीं रुपयाहून थोडें मोठें एक बटण दोरीनें बांधलें आहे; नाण्याएवढ्या बॅटरीवर तें वर्षभर चालतें. तें दाबलें कीं आमच्या खोलींत आणि बंधूंच्या खोलींत घंटा वाजते. पडवींत भिंतीच्या तळाशीं चाहूल ओळखणारा एक सेन्सर आहे. कोणी पाय टाकला कीं मंद दिवा लागतो, दोन मिनिटांनीं विझतो, आणि कोण गेलें हें कोणासहि सांगत नाहीं. हें सर्व घरांतील इन्व्हर्टरवर आहे.

यंदाहि पहिल्याच पावसांत इंटरनेटची तार तुटली, आणि ह्या खेपेस तीन दिवस गेली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुतण्याचा फोन आला, तेव्हां कुठें तें आमच्या ध्यानांत आलें. बोलका डबा आम्हीं काढून टाकला नाहीं. तो सकाळीं भजनें लावण्याच्या कामीं येतो. भिंतीवरील ‘हात लावूं नये’ हा कागद मात्र आईनें स्वतः काढला, आणि मागची कोरी बाजू वाण्याच्या यादीस वापरली.

गणपतीच्या आधीं टाकींतील सेन्सर बदलावयाचा आहे. टाकीच्या वाफेनें त्याचें तोंड गंजतें आणि मग पाणी अर्धें असतांहि तो टाकी भरली असें सांगतो. कोंकणांतील तारयंत्रज्ञ म्हणतात, पाणी न शिरणारा मोटारगाडीच्या मागें लावतात त्या जातीचा घ्यावा. भावजयीचें मत असें कीं, तरंगता गोळाच पुन्हां बसवावा. दोन्ही आणले आहेत.